टँकरच्या गल्लीत बाग करावी का?

पत्राचा सारांश : लातूर शहराच्या कडेला असलेल्या एका वसाहतीत राहणाऱ्या, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या एका भगिनींचे हे पत्र आहे. त्यांचा भूखंड चाळीस फूट बाय पंचाहत्तर फुटांचा असून त्यातील साधारण बाराशे चौरस फुटांवर घर आहे आणि उरलेली जागा, म्हणजे पूर्वेकडचे अंगण आणि पश्चिमेकडचा परस, मोकळी आहे. परसात जुना कडुलिंब आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने लावलेली हिरवळ आणि बारा गुलाब गेल्या उन्हाळ्यात वाळून गेले. येत्या डिसेंबरमध्ये मुलाचे लग्न आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्या मुलाने एका ठेकेदाराकडून बागेचा आराखडा करून घेतला असून त्यात सहाशे चौरस फूट हिरवळ, कारंजे, पामची झाडे, कोनोकार्पसचे कुंपण, पांढरे गोटे आणि कडुलिंब तोडून त्या जागी पेव्हर ब्लॉक असे सगळे आहे. यजमानांचे म्हणणे असे की चार कुंड्या ठेवाव्यात आणि बाकी सगळीकडे फरशी करून मोकळे व्हावे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, बोअर मार्चमध्ये आटतो आणि त्यानंतर गल्लीत टँकर येतो. त्या टँकरच्या रांगेत एका शेजारणीने त्यांना ऐकवले, ‘इथं प्यायला पाणी नाही, अन् तुम्ही गवताला पाजताय.’ ते वाक्य त्यांच्या मनातून जात नाही. त्या विचारतात : आपल्या भागात सुंदर बाग होत नाही, हे शेवटी मान्य करावे का?

ताई,

तुमच्या पत्रातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मान्य करू नका. मात्र मुलाच्या आराखड्यावर सहीही करू नका, आणि यजमानांची फरशीही एवढ्यात बोलावू नका. तुमच्या घरातील दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे बाग म्हणजे हिरवळ. मुलाला ती हवी आहे, यजमानांना ती नको आहे, आणि गेल्या वर्षी ती वाळली म्हणून तुम्ही स्वतःला नापास करून टाकले आहे. नापास झाले ते गवत. बागेची परीक्षा अजून झालेलीच नाही.

हिरवळीचा हिशेब कागदावर मांडला की वाद बराच निवतो. मार्च ते मे या काळात आपल्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर एका चौरस मीटरला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागते, असे धरणे कंजूषपणाचेच ठरेल. सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर, म्हणजे रोजचे २८० लिटर किंवा त्याहून अधिक. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरण्याचा प्रघात आहे. तुम्ही घरात दोघे राहता. ही हिरवळ म्हणजे ऐन टंचाईत घरी मुक्कामाला आलेली आणखी दोन माणसे, आणि तीही अशी की जी तीन महिने हलणार नाहीत. मी हे दुरून सांगत नाही. छत्रपती संभाजीनगरात घर बांधले तेव्हा मीही तीनशे चौरस फूट हिरवळ मोठ्या अभिमानाने अंथरली होती. तिसऱ्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी हातात नळी धरून उभा असताना फाटकातून टँकर आत येताना पाहिला, आणि नळी कुठे ठेवावी ते कळेना. पुढच्या पावसाळ्यात तिथे मुरूम पसरला. आज त्या जागेवर खाट टाकून आम्ही बसतो. हिरवळीवर मात्र त्या तीन वर्षांत कोणी बसल्याचे आठवत नाही, कारण ती सतत एकतर ओली असे किंवा आजारी असे.

आता शेजारणीच्या बोलण्याविषयी. ते तुम्हाला लागले, कारण ते निम्मे खरे आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या शहरात टँकरचे पाणी गवतावर सोडणे कोणाच्याही डोळ्यांत खुपणारच. पण हे बोलणे हिरवळीला लागू होते, बागेला नाही. पावसाळ्यात छपरावर पडलेले पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवणारी, परसात सावली धरणारी आणि उन्हाळ्यात घरातल्या सांडपाण्यावर तगणारी बाग गल्लीकडून फारसे काही घेत नाही. उलट काहीतरी परतच करते. तेव्हा बाग करावी की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून ती कोणत्या पाण्यावर करावी हा प्रश्न घ्या, म्हणजे अपराधी वाटण्याचे कारणही उरणार नाही आणि आराखडाही आपोआप बदलेल.

आपल्या भागातील जुन्या लोकांनी बाग अशाच क्रमाने केलेली आहे. छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबऱ्याची चारबाग पाहायला आपण शाळेच्या सहली नेतो, पण त्या बागेचा कणा फुलझाडांचा नसून वाटांचा आणि त्यांच्या मधून काढलेल्या पाण्याच्या पाटांचा आहे, हे मुलांना सांगायचे राहून जाते. त्याच शहरात मलिक अंबरच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, नहरी खोदल्या गेल्या, आणि पाणचक्कीलाही डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणलेले आहे. बादशाही थाट आपल्याला नको. पण आधी पाणी आणि मग झाडे हा क्रम घेण्यासारखा आहे. तो परवडत नाही असे वाटले तर आपल्या आजीच्या परसाकडे पाहावे. न्हाणीच्या मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथेच अळू आणि केळ असे, हौद असेल तर त्याच्या ओलीवर कर्दळ असे, आणि अंगणातील तुळशीला घागर रिकामी करताना उरलेले तांब्याभर पाणी मिळे. कोणी त्याला आराखडा म्हणत नसे, एवढेच.

तुमच्या छपराचा हिशेब करू. लातूरकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे चांगल्या वर्षी पडतो, हे आपण दोघेही जाणतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचे बाराशे चौरस फुटांचे छत म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी वर्षाला साठ हजार लिटरहून अधिक पाणी त्या छतावरून उतरते. पाच हजार लिटरचे बारा टँकर आज तुमच्या पन्हाळीतून रस्त्यावर जात आहेत. हे सगळे साठवणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. ठेकेदाराला कारंज्यासाठी द्यायचे पैसे पाच ते दहा हजार लिटरच्या टाकीला द्या, आणि टाकी भरल्यावर ओसंडणारे पाणी वाळू, खडी आणि दगडगोट्यांच्या गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात मुरवा. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडून द्यावे. आणि मुरवण्याचा खड्डा घराच्या पायापासून चांगला लांब ठेवावा, कारण काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. पायाशी हा खेळ दरवर्षी चालू राहिला तर भिंतींना तडे जातात. याच कारणासाठी भिंतीला चिकटून वाफे करून त्यांना रोज पाणी देण्याची जी पद्धत नव्या घरांत दिसते, ती मला अजिबात पसंत नाही.

सांडपाण्याच्या बाबतीत सरसकट उत्साह नको. आंघोळीचे पाणी आणि भाजी-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चालते. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र देऊ नये; त्यातील सोडियममुळे काळी माती चिकट होते, वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसते आणि मग पाणी वरच तुंबते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी अनेक घरांत भक्तिभावाने बादलीत धरून झाडांना घातले जाते, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. कूलरच्या टाकीत तळाला उरलेल्या पाण्याचेही तसेच. ही दोन्ही पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरावीत. वातानुकूलन यंत्रातून थेंब थेंब गळणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते, ते कुंड्यांना अवश्य द्यावे.

आता कडुलिंब. संपूर्ण आराखड्यात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट ती. पश्चिमेला उभे असलेले मोठे झाड म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी तीन ते सहा या वेळेत तुमच्या मागच्या भिंतीवर धरलेली छत्री आहे. ती काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवले, तर तेच ब्लॉक दिवसभर तापून रात्री दहापर्यंत तुमच्या स्वयंपाकघराकडे उष्णता सोडत राहतील. मुळांनी भिंत फुटेल ही भीती तुम्ही लिहिली आहे. झाड भिंतीपासून किती दूर आहे ते तुम्ही कळवलेले नाही. ते अगदी चिकटून असेल किंवा भिंतीला आत्ताच तडा असेल, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवून निर्णय घ्या. पण एक गोष्ट ठेकेदार सहसा सांगत नाहीत : काळ्या मातीत जुने झाड एकाएकी तोडले, तर ते इतकी वर्षे ओढून घेत असलेला ओलावा जमिनीत राहतो, माती फुगते आणि त्यानेही बांधकामाला त्रास होऊ शकतो. शिवाय शहरी हद्दीत झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती काढायची जबाबदारी ठेकेदाराची नव्हे, तुमची असते.

कडुलिंबाचा कचरा फार होतो, ही तुमची दुसरी तक्रार. तो कधी होतो ते पाहा. पानगळ होते माघ-फाल्गुनात, म्हणजे ज्या आठवड्यांत ऊन तापू लागते आणि जमिनीवर पांघरूण घालण्याची गरज निर्माण होते, नेमक्या त्याच आठवड्यांत झाड ते पांघरूण फुकट खाली टाकते. तुम्ही ते झाडून जाळत असाल, तर पुढे मे महिन्यात मातीला सावली करायला दुसरे काही शोधावे लागते. ही पाने, त्यांत तुमच्या भागात सहज मिळणारे सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट मिसळून, प्रत्येक झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून तीन-चार इंच जाडीने पसरा. ओलावा कितीतरी जास्त दिवस टिकतो, भेगा कमी पडतात आणि पावसाळा संपेपर्यंत त्याची मातीच होते. माझ्या मते मराठवाड्यातील बागेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे.

याच झाडाखाली तुमच्या यजमानांचे म्हणणेही मान्य करता येईल. त्यांना फरशी हवी आहे ती हट्ट म्हणून नव्हे. टँकरच्या मागे धावण्याचे आणि तण उपटण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येत असावे. तेव्हा कडुलिंबाभोवती दगडी पार बांधा आणि त्याच्यापुढे शहाबादी फरश्या थोडी थोडी फट ठेवून बसवा, म्हणजे चार खुर्च्या मावतील आणि पाणीही खाली उतरेल. पार बांधताना खोडाभोवती सिमेंट ओतू नका आणि खोड मातीत गाडू नका. बुंधा पूर्वी जितका उघडा होता तितकाच उघडा राहायला हवा. गावोगावी चांगले वड-पिंपळ या एका चुकीने खंगलेले मी पाहिले आहेत. घराच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद पट्ट्या मुरूम दाबून केल्या तरी पुरे. त्यांत तुळस-पाती लावायचा मोह होईल, पण तिथे येण्याजाण्याची वाटच असू द्यावी.

बागेची रचना कागदावर करण्यापेक्षा जमिनीवर करा. हे काम तुम्हाला ठेकेदाराहून चांगले जमेल, कारण तुमच्याकडे रांगोळी आहे. फाटकापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून परसापर्यंत, मोरीपासून दोरीवर कपडे वाळत घालण्याच्या जागेपर्यंत तुम्ही रोज ज्या रेषेत चालता त्या रेषा रांगोळीने आखा आणि आठवडाभर त्यांवरून चाला. जिथे पाय रेषा सोडून जातो तिथे रेषा चुकली आहे असे समजा. मग सकाळी चहा जिथे घेता त्या खिडकीत बसून पाहा की नजर कुठे जाऊन थांबते; मुख्य झाड तिथे यावे, फाटकातून येणाऱ्याला दिसावे म्हणून नव्हे. आराखडे बहुतेक वेळा पाहुण्यांसाठी केलेले असतात, आणि पाहुणे वर्षातून चार वेळा येतात.

त्या खिडकीसमोर, पूर्वेच्या अंगणात, मी तुमच्या जागी असतो तर बहावा लावला असता. चैत्र-वैशाखात, जेव्हा बाकी सगळे करपलेले असते, तेव्हा तो पानांचा फारसा आधार न घेता पिवळ्या घोसांनी लगडतो. घरापासून आणि वरच्या तारांपासून पंधरा फूट तरी अंतर ठेवावे, म्हणजे पुढे त्याची छाटणी करण्याची वेळ येणार नाही. खिडकीच्या जवळ पारिजातक, कारण त्याचा सडा भाद्रपद-आश्विनात सकाळीच पाहायचा असतो. आणि ओट्याच्या पायरीशी उंच वाफ्यात मोगरा, जो ऐन उन्हाळ्यात संध्याकाळी फुलतो. त्यांच्या पुढे पावसाळ्यात आपोआप उगवणारा तेरडा आणि उन्हाळ्यात जमिनीखाली कंद राखून झोपणारी गुलबक्षी असू द्या. परसात शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि सीताफळ हवेच. बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरात खडकाळ उतारावर, कोणी पाणी न देता सीताफळ वाढते. उन्हाळ्यात ते पाने गाळते, त्याला झाड मेले असे समजून उपटू नका, पहिल्या पावसानंतर ते फुटते. आणि त्याची पाने शेळ्या खात नाहीत, हा कुंपणाच्या बाजूचा मोठाच लाभ आहे.

पाहा, ही बाग बारा महिने सारखी हिरवी दिसणार नाही. फाल्गुनात ती विरळ दिसेल, वैशाखात पिवळी-पांढरी, श्रावणात दाट. मुलाने पाठवलेल्या छायाचित्रांतील बाग कोणत्याही महिन्यात तशीच दिसते, आणि म्हणूनच ती आपल्याकडे कोणत्याच महिन्यात परवडत नाही. मे महिन्याच्या संध्याकाळी सहा वाजता घरातली माणसे आपण होऊन बाहेर येऊन कुठे बसतात का, यावरून मी बागेचे सौंदर्य ठरवतो. ही फूटपट्टी सगळ्यांना पटेल असे नाही.

ठेकेदाराच्या यादीतील कोनोकार्पस तेवढे कटाक्षाने नाकारा. ते झपाट्याने वाढते म्हणून सगळीकडे लावले जाते, पण त्याच्या मुळांचा नळांना आणि गटारांना उपद्रव होतो, आणि गुजरातच्या वन विभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कुंपणाला मेंदी किंवा अडुळसा लावा. कण्हेर दिसायला सुरेख आणि पाण्याला काटक आहे, पण तिचे सर्व भाग विषारी असतात. पुढे घरात लहान मूल येईल हे लक्षात ठेवून मी ती टाळली असती. पांढरे गोटे दुपारी डोळे दिपवतात. प्लास्टिकच्या हिरवळीचा पर्याय पुढे येण्याची शक्यता आहे, तर आत्ताच सांगून ठेवतो की आपल्या उन्हात ती अनवाणी पाय टेकवता येणार नाही इतकी तापते. कारंज्याऐवजी कडुलिंबाखाली मातीचे पसरट पात्र ठेवून दर दोन दिवसांनी त्यातील पाणी बदलले, तर डास होणार नाहीत आणि बुलबुल येतील.

गुलाब का गेले, याचे कारण उन्हाळ्याइतकेच पावसाळ्यातही असावे. तुम्ही लिहिता की खड्डा खणून ते थेट काळ्या मातीत लावले आणि रोज सकाळी तांब्या-तांब्याने पाणी दिले. नर्सरीतील रोपे बहुधा उरळी कांचनकडून किंवा आंध्रातून येतात, त्यांच्या पिशवीत लाल माती किंवा नारळाचा भुसा असतो. असा लाल गोळा काळ्या मातीत तसाच पुरला, तर पावसाळ्यात त्याच्याभोवती पाणी साचून मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात काळी माती आकसून गोळ्यापासून सुटते. मग वरून दिलेले पाणी भेगेतून निघून जाते आणि गोळा कोरडाच राहतो. म्हणून रोप लहान घ्यावे, कडेची मुळे हाताने हलकेच मोकळी करावीत, आणि गुलाब-मोगऱ्यासारखी झाडे जमिनीपासून नऊ इंच ते फूटभर उंच गादीवाफ्यावर लावावीत. खड्ड्यात भरायची माती निम्मी तीच ठेवून उरलेल्या भागात कुजलेले शेणखत आणि भरडसर मुरूम मिसळावा. घमेलेभर वाळू टाकून काळी माती भुसभुशीत होत नाही, झाली तर वीट होते. आणि माती चिखल असताना किंवा ढेकूळ असताना तिला हातही लावू नये. वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना ढेकूळ अशी ओलसर झाल्यावरच, कुदळ मारायची, हे शेतकऱ्याच्या घरातील माणसाला सांगावे लागत नाही, पण शहरात आलो की आपण ते विसरतो.

रोज थोडे पाणी देण्याने मुळे वरच राहतात. जमिनीतील झाडांना आठवड्यातून एक-दोनदा, पण खोलवर पाणी द्या. यासाठी कुंभाराकडून बिनरंगाची, झिलई न दिलेली मडकी आणून ती झाडापासून फूट-दीड फूट अंतरावर गळ्यापर्यंत पुरावीत आणि भरून झाकण ठेवावे. पाणी पाझरत राहते आणि मुळे त्या दिशेने जातात. ठिबकही चांगले, पण बोअरच्या क्षारांनी त्याची तोटी बुजते आणि ती साफ करायला यजमानांनाच बसावे लागेल. अशा रीतीने वर सांगितलेली सगळी झाडे रुजल्यानंतर उन्हाळ्यात रोज सरासरी ७०-८० लिटर पाण्यावर राहू शकतात, आणि तेवढे दोघांच्या आंघोळीच्या व स्वयंपाकघरातल्या पाण्यातून जवळजवळ निघते. पहिली दोन वर्षे थोडे अधिक लागेल, हे आधीच धरून चाला.

लिंबाची किंवा मोगऱ्याची नवी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या, तर पाणी वाढवू नका. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, त्याची ती खूण असते. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा; फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. एकदा मातीची चाचणीही करून घ्या. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे याची चौकशी करता येईल.

आता लग्न. डिसेंबरात तुमची बाग पूर्ण झालेली नसेल, आणि तसे होण्याची अपेक्षाही ठेवू नका. सहा महिन्यांत पूर्ण झालेली बाग बहुधा पुढच्या सहा महिन्यांत उकरावी लागते. पण व्याह्यांसमोर अंगण उघडे दिसेल या चिंतेला सोपे उत्तर आहे, कारण मार्गशीर्ष हा आपल्याकडे फुलांचा सुकाळच असतो. शेवंतीची रोपे जुलै-ऑगस्टमध्ये आणि झेंडूची सप्टेंबरच्या मध्याला कुंड्यांत लावली, तर ती लग्नाला ऐन बहरात येतील. अंगण सारवलेले किंवा मुरूम दाबून स्वच्छ केलेले, मध्ये वृंदावन, दोन्ही बाजूंना तीस-चाळीस कुंड्यांतील शेवंती आणि परसात पारावर बसलेली म्हातारी मंडळी. मला नाही वाटत कोणी हिरवळ कुठे आहे म्हणून विचारील.

मुलाशी बोलताना त्याचा आराखडा फाडून टाकू नका. त्याने तो प्रेमाने करून घेतला आहे, आणि टाकीची, गाळणीची व पन्हाळींची मोजमापे काढण्याचे काम दुरूनही करता येते, ते त्याला द्या. दोनशे ऐंशी लिटरचा हिशेब तुम्ही सांगू नका, त्यालाच करू द्या.

हे पत्र छापून येईपर्यंत मे अर्धा झालेला असेल. सध्या दोनच कामे आहेत. बहावा, लिंबू आणि सीताफळ यांच्यासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्या. आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन अंगणात उभ्या राहा, छपरावरचे पाणी कुठून पडते, कुठे वळते, कुठे साचते ते पाहा, आणि त्या प्रत्येक जागी एकेक दगड ठेवा. ठेकेदाराला त्यानंतर बोलवा.